शिसे साच्याला का चिकटत नाही?

बंदुकीच्या गोळ्या घरी ओतण्याचा छंद आपल्याकडे नाही, आणि १९५९चा शस्त्र कायदा दारूगोळा बनवायला परवाना मागतो म्हटल्यावर तो रुजण्याचीही शक्यता नाही. अमेरिकेत मात्र हा जुना आणि उघडपणे चालणारा गृहोद्योग आहे. न्यू हेवनच्या जॉन बार्लोने १८८४ साली ‘आयडियल’ नावाची कंपनी काढली आणि साचे व ओतकामाची अवजारे घरोघर पोहोचवली. तेव्हापासून तिथले हौशी नेमबाज गॅरेजात किंवा मागच्या पडवीत बसून शिसे वितळवत आले आहेत. मोटारीच्या चाकाच्या रिमला तोल साधण्यासाठी लावायची शिशाची वजने हा त्यांचा बराच काळ आवडता कच्चा माल होता.

या मंडळींची एक तक्रार सनातन आहे. साचा उघडला तरी गोळी बाहेर पडत नाही, एका अर्ध्या भागाला धरून बसते. मग बिजागरीवर लाकडी दांड्याने टकटक करायची. त्यावर एक तोडगा हमखास सुचवला जातो, तो म्हणजे साच्याच्या पोकळीत गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा मारणे. अडकलेला नट सोडवायला गॅरेजवाला वापरतो तेच पातळ तेल. जे तेल गंजलेला बोल्ट सोडवते ते अडकलेली गोळी का सोडवणार नाही, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. तो चुकीचा आहे. पण तो चुकीचा का, हे पाहू गेले की धातू, पृष्ठताण, तवा आणि काजळी अशा बऱ्याच गोष्टी उलगडत जातात.

पहिला प्रश्न असा की वितळलेले शिसे साच्याला चिकटते तरी का? उत्तर आहे, चिकटत नाही. साचे लोखंडाचे, ॲल्युमिनियमचे किंवा पितळेचे असतात. लोखंड आणि शिसे एकमेकांत जवळजवळ विरघळतच नाहीत. शिसे आणि ॲल्युमिनियम ही जोडी तर दोन्ही वितळवून एकत्र ढवळली तरी तेल-पाण्यासारखी वेगळी होते. शिवाय साच्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचे पातळ कवच असते, आणि धातूचा रस अशा कवचाला ओलावत नाही.

आपल्या ओळखीचे उलट उदाहरण म्हणजे कल्हई. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर निघतो आणि मग कथिलाचा बोळा फिरवला की भांडे आरशासारखे होते. त्या नवसागराचे काम तांब्या-पितळेवरचे ऑक्साइड खाऊन टाकण्याचे. कवच गेले की कथील तांब्याशी खरोखर जोडले जाते, दोघांचे मिळून नवे संयुग तयार होते. कल्हईवाल्याने कथिलाऐवजी नुसते शिसे घेतले, तर नवसागर कितीही टाकला तरी तशी कल्हई बसणार नाही. लोखंडी पत्र्यावर शिशाचा थर द्यायचा असेल तेव्हाही कारखान्यात शिशात कथील मिसळावे लागते. एकटे शिसे पत्र्याला धरतच नाही.

चिकटण्याचा खरा प्रश्न पाहायचा असेल तर चाकण-भोसरीकडच्या डायकास्टिंगच्या कारखान्यात जावे. तिथे वितळलेले ॲल्युमिनियम पोलादी डायमध्ये दाबाने भरतात. ॲल्युमिनियमचा रस लोखंड विरघळवतो, डायला अक्षरशः डाख लागल्यासारखा जुळतो. म्हणून त्या मिश्रधातूत मुद्दाम एक टक्क्याच्या आसपास लोखंड आधीच घातलेले असते, म्हणजे त्याची भूक थोडी भागलेली असते, आणि प्रत्येक ओतणीआधी डायवर फवारा मारावाच लागतो. साचा सोडवणारे द्रव्य ही कल्पना तिथे शंभर टक्के योग्य आहे. शिशाच्या बाबतीत ती दुसऱ्याच धंद्यातून उसनी आणलेली आहे.

मग गोळी अडकते कशाने? यांत्रिक कारणांनी. पोकळीच्या कडेला कापताना राहिलेला बारीक काटा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण नख फिरवले की लागतो. साच्याचे दोन भाग जुळवणाऱ्या खिळ्या झिजल्या की भाग तिरके उघडतात आणि गोळीला एका बाजूने पकडतात. गोळीवरच्या खाचा खोल आणि काटकोनी असल्या तरी तेच होते. खरे तर निसर्ग ओतणाऱ्याच्या बाजूचा आहे, कारण शिसे घट्ट होताना आकारमानाने सुमारे साडेतीन टक्के आकसते, म्हणजे आपणहून भिंतीपासून सुटते. एवढे होऊनही ती अडकत असेल तर कुठेतरी आकड्यासारखे काहीतरी तिला धरून ठेवत आहे. आकड्यावर तेल ओतून आकडा सुटत नाही. काटा घासून काढावा लागतो.

आता तेलाकडे वळू. या जातीच्या तेलांत सर्वांत प्रसिद्ध डब्ल्यूडी-फॉर्टी. १९५३ साली सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने ते बनवले. नावातला चाळीस हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा, आणि पहिला मोठा उपयोग ॲटलस क्षेपणास्त्राचे पत्र्याचे कवच गंजू नये म्हणून. त्याचे मूळ काम पाणी हटवण्याचे. गंज सोडवणारी बहुतेक तेले अशीच बांधलेली असतात: रॉकेलसारखा हलका, उडून जाणारा भाग जास्त, आणि मागे राहणारे जड खनिज तेल थोडे. पातळपणामुळे आणि कमी पृष्ठताणामुळे हे मिश्रण केशाकर्षणाने अगदी बारीक फटीत शिरते. ते फटीत शिरते हाच त्याचा गुण.

आणि गोळ्यांच्या साच्यात हाच त्याचा दोष. एक साधा हिशेब करून पाहू. साधारण १५ ग्रॅम वजनाची गोळी म्हणजे पोकळीचे आकारमान जेमतेम १.४ मिलिलिटर. तेलाचा एक थेंब ०.०५ मिलिलिटर धरू. त्याची पूर्ण वाफ झाली तर सुमारे ३२५ अंश सेल्सिअसला तिचे आकारमान ११ मिलिलिटरच्या घरात जाते. म्हणजे एका थेंबाची वाफ आठ पोकळ्या भरेल. कुणी म्हणेल, तापलेल्या साच्यावर थेंब राहीलच कशाला? खरे आहे. साचा दोनशे अंशांच्या आसपास असतो, तिथे हलका भाग लगेच उडतो. पण जड भाग राहतो. पोकळीच्या भिंतींवर तो फक्त एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, जाडीने पसरला असे मानले तरी पावणेचारशे-चारशे अंशांचे शिसे आत आल्यावर त्याचा वायू पोकळीच्या दहाव्या हिश्शाएवढा होतो. तो वायू भिंत आणि धातू यांच्यामध्ये सापडतो. शिसे त्याच्यावर तरंगत गोठते आणि गोळी सुरकुतलेली निघते, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी.

न उडालेले तेल जळून लाखेसारखा तपकिरी थर बनते. साच्याच्या तोंडावर हवा बाहेर जाण्यासाठी केसाहून बारीक रेषा कोरलेल्या असतात, त्यात हा थर जाऊन बसतो. मग हवा अडते, गोळीच्या कडा गोल राहतात आणि ओतणारा म्हणतो, शिशातच खोट आहे.

इथे घरातला कुणीही विचारेल की घावन करताना आपण बिडाच्या तव्याला तेल लावतोच की! लावतो, पण तो प्रसंग वेगळा. घावनाच्या पिठातला स्टार्च तव्याला खरोखर चिकटतो, म्हणजे सोडवणाऱ्या द्रव्याची गरज खरी आहे. तव्याचे तापमान तेल जाळून टाकण्याइतके नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घावन वरून उघडे असते. वाफ जाळी पाडून निघून जाते, आपल्याला ती जाळी हवीच असते. बंद पोकळीतल्या शिशाला जाळी पडली तर ते भंगार.

तरीही अनुभवी माणसे शपथेवर सांगतात की तेल मारले आणि गोळ्या सुटू लागल्या. ती खोटे बोलत नाहीत. थंड साच्यातल्या पहिल्या दहावीस गोळ्या वाईटच निघतात. त्या अर्धवट भरतात, वेड्यावाकड्या गोठतात आणि अडकतात. माणूस वैतागून फवारा मारतो, आणखी दहावीस ओततो. तोवर साचा पुरेसा तापतो, तेल जळून जाते आणि माल सुधारतो. ताप उतरायच्या दिवशी अंगारा लावला तर श्रेय अंगाऱ्याला जाते, तसे इथे श्रेय फवाऱ्याला मिळते. खात्री करायची तर दोन पोकळ्यांचा साचा घ्यावा, एकीला तेल लावावे, दुसरी कोरडी ठेवावी आणि एकाच वेळी भरत जावे. दोघींचे तापमान तेच, शिसे तेच, हातही तोच. मग उरलेला फरक तेलाचा. एवढी साधी तुलना न करता पिढ्यान्‌पिढ्या चाललेले कितीतरी तोडगे प्रत्येक धंद्यात आहेत; हा त्यांतला एक.

जुन्या कारागिरांचा उपाय तेलाचा नव्हता, काजळीचा होता. मेणबत्तीच्या ज्योतीवर पोकळी धरायची आणि आत पातळ काळा थर चढू द्यायचा. निरांजनावर पितळी ताटली पालथी धरून काजळ जमवतात तसेच. हा उपाय भौतिकशास्त्राच्या कसोटीला का उतरतो, ते मात्र पाहण्यासारखे आहे. वितळलेल्या शिशाचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे सहापट. दोन सेंटिमीटर उंचीच्या शिशाच्या स्तंभाचा दाब घेतला, तर त्या दाबाने शिसे साधारण ०.२ मिलिमीटर त्रिज्येच्या कोपऱ्यापर्यंतच शिरू शकते. त्याहून अणकुचीदार कोपरा भरायचा तर जास्त दाब हवा. काजळीच्या कणांमधल्या फटी एका मायक्रॉनच्या मानाच्या. त्यांत शिरायला शिशाला वातावरणाच्या कित्येक पट दाब लागेल. त्यामुळे ते काजळीच्या टोकांवर टेकून राहते. अळवाच्या पानावर पाणी राहते अगदी तसेच, आणि अळवावरच्या पाण्याइतकेच सहज निघून जाते. फटींतली हवा उष्णताही रोखून धरते, शिसे क्षणभर अधिक वेळ पातळ राहते आणि कडा भरतात. तेलाने जे बिघडते ते काजळीने सुधारते, कारण काजळी आधीच जळून चुकलेली आहे. तिच्यातून वायू निघायचा नाही. तोटा इतकाच की थर जाड झाला तर गोळीचा व्यास तेवढा घटतो. युरोपातले जस्ताळू भांड्यांचे नव्हे, तर कथिलाच्या भांड्यांचे ओतारीही साच्याला आतून गेरू आणि अंड्याचा पांढरा बलक असा कोरडा लेप देत. तत्त्व तेच.

याच पृष्ठताणाचा सर्वांत धीट उपयोग ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने केला. त्याने साचाच काढून टाकला. उंचावरून चाळणीतून शिसे खाली सोडायचे, पडता पडता थेंब आपणहून गोल होतात आणि खालच्या पाण्यात गोठतात. १७८२ साली त्याला याचे पेटंट मिळाले आणि छर्ऱ्यांसाठी उंच मनोरे उभे राहिले. साच्याला चिकटण्याचा प्रश्न सोडवण्याचा याहून मूलगामी मार्ग नाही!

मराठी वाचकाचा शिशाच्या ओतकामाशी संबंध मात्र छापखान्यातून आला. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, त्याआधीपासून ते टाइपाच्या ओतकामात होते. राणोजी रावजी आरू यांच्यासारखे कारागीर अक्षरांचे ठसे कोरत. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणातून खिळा ओतला जाई. वेलांटीचे टोक, रफार, अनुस्वाराचा टिंब या सगळ्यांना गोळीच्या खाचेपेक्षा कितीतरी नाजूक कडा लागतात. त्या मिळवायच्या त्या धातूच्या प्रमाणातून, योग्य तापमानातून आणि स्वच्छ साच्यातून. नुसते शिसे ३२७ अंशांना वितळते. सुमारे बारा टक्के अँटिमनी आणि चार टक्के कथील घातले की मिश्रण अडीचशे अंशांच्या आतच वितळते, कडक होते आणि आकसतेही कमी.

मग हे तेल साच्याच्या कामाचेच नाही का? आहे, पण पोकळीच्या बाहेर. साच्याच्या माथ्यावर ओतण्याचे भोक असलेली एक सरकती पट्टी असते. तिची बिजागरी आणि जुळवणीच्या खिळ्या यांना किंचित वंगण हवेच, नाहीतर धातूवर धातू घासून चरे पडतात. पण तिथेही गंज सोडवणारे तेल नको, कारण ते सरपटत पोकळीत उतरते. उष्णता सोसणारे टू-स्ट्रोक इंजिनाचे कृत्रिम तेल काडीला कापूस गुंडाळून, पुसून काढल्यासारखे लावले की पुरते. लोखंडी साचा पावसाळ्यात ठेवून द्यायचा असेल तर गंजतेलाचा फवारा उत्तम. वापरण्याआधी मात्र गरम साबणपाण्याने घासून धुवावा, आणि पूर्ण सुकवावा. पाण्याची वाफ होताना ती सोळाशे पटींहून अधिक फुगते. शिशाच्या भांड्याजवळ ओला साचा नेला तर शिसे अंगावर उडते.

तेलकट झालेला साचा स्वच्छ करण्याच्या नादात खरा धोका असतो. ब्रेक साफ करण्याच्या काही फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रावक असतात. ते गरम धातूवर पडले तर फॉस्जीन तयार होऊ शकतो, पहिल्या महायुद्धात वापरलेला तोच विषारी वायू. टेफ्लॉनचे फवारेही वितळलेल्या शिशाच्या तापमानाला विघटित होऊन छातीत जाणारा धूर सोडतात. साध्या गंजतेलाची वाफ शेगडीच्या ज्योतीवर भडकते.

आणि शिसे स्वतः आहेच. चारशे अंशांना त्याची वाफ थोडी असते. जास्त भीती वर तरंगणाऱ्या राखेची, बोटांना लागलेल्या धुळीची आणि त्याच हाताने खाल्लेल्या घासाची. मुलांच्या रक्तातील शिशाची सुरक्षित अशी पातळीच वैद्यकाला माहीत नाही. कोकणात जाळ्याला लावायची शिशाची वजने कुणी घरच्या चुलीवर ओतत असेल, जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातले शिसे परसात वितळवत असेल, तर साच्याला तेल लावावे की काजळी, हा त्याचा दुसरा प्रश्न आहे. पहिला असा की ती चूल घरापासून किती दूर आहे, आणि त्याच भांड्यात उद्या काही शिजणार आहे का.