कोळंबीचा बचाव आणि बेण्याची शुद्धता



पाण्याच्या अतिवापराने क्षारपड झालेल्या रानात कोळंबीचे तळे करावे काय, अशी विचारणा काही सभासद आमच्याकडे करतात. हरियाणात रोहतकजवळ लाहली येथे मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने जमिनीतल्या खाऱ्या पाण्यावर कोळंबी वाढवून दाखविली आहे. तेव्हा विचारणा रास्तच आहे. मात्र पैसा घालण्याआधी या पिकाचा मुख्य वैरी ओळखावा. तो म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू. १९९४ च्या सुमारास तो भारतात आला आणि पूर्व किनाऱ्यावरचे अनेक तळेवाले बसले. रोग दिसू लागल्यावर तीन ते दहा दिवसांत सारे तळे मरू शकते.

गाईला लाळ-खुरकुताची लस टोचली की तिच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात. कोळंबीच्या अंगी प्रतिद्रव्ये होतच नाहीत. मग ती लढते कशी?

पहिली तटबंदी कवचाची. ती फुटली की रक्तपेशी धावतात, शत्रूला गिळतात वा घेरतात. जखमेची जागा काळी पडते. कापलेले वांगे काळे पडते, त्याच जातीची ही क्रिया. विषाणू पेशीत शिरलाच, तर पेशी त्याच्या दुहेरी आरएनएचे बारीक तुकडे करते आणि त्या तुकड्यांच्या खुणेवरून त्याचे बाकीचे संदेश हुडकून कापते. वनस्पतीही विषाणूशी अशाच लढतात. उसावरचा मोझॅकचा विषाणू मात्र ही कात्री बोथट करणारे प्रथिन बरोबरच घेऊन येतो.

ही ताकद मर्यादित आहे. प्राणवायू कमी पडला, पावसाने पाण्याचा खारेपणा एकदम उतरला, की ती ढासळते. म्हणून ‘हे औषध टाका, रोग हटेल’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. रोग झाल्यावर खात्रीचा इलाज नाही. तपासलेले बीज, खेकड्यांना कुंपण, पक्ष्यांना जाळी, हाच उपाय. २००९ पासून व्हेनामी कोळंबीचे रोगमुक्त जनक परदेशातून आणून, विलग ठेवून, तपासूनच दिले जाऊ लागले. तरी रोगमुक्त म्हणजे रोगप्रतिकारक नव्हे. तळ्यात विषाणू असला तर तेही बीज मरते.

उसाचेही तेच आहे. ऊतीसंवर्धित रोपांपासून वाढविलेले त्रिस्तरीय बेणे शुद्ध असते, पण शेजारच्या रोगट खोडव्यावरचा मावा मोझॅक आणतोच. तेव्हा रोगट बेटे मुळासकट काढा. बेणे गटकार्यालयात नोंदवूनच घ्या. आणि तळ्याचा विचार असेल, तर आधी माती-पाणी तपासा, मत्स्य खात्याचा सल्ला घ्या, मगच कर्जाच्या कागदावर सही करा.

— ऊस विकास अधिकारी