बोट दाखवा आणि जेवा : हॅम्बुर्गची फिलिपिनो खानावळ



जर्मनीला फिरायला गेलं की आपल्या मंडळींपुढे पहिला प्रश्न पोटाचा. तिथे सॉसेज बहुतेक डुकराचे, आणि ब्रेड-बटाट्यावर दिवस निघाले तरी तिसऱ्या दिवशी भाताची आठवण येतेच. आम्ही इस्राएलहून गेलेले बारा जण होतो, त्यात दोन नातवंडं. हॅम्बुर्गला कोणीतरी सांगितलं की बंदराच्या बाजूला एक छोटी फिलिपिनो खानावळ आहे, भात पोटभर आणि खिशाला परवडणारी. आम्ही आदल्या दिवशीच फोन करून कळवलं : डुक्कर नको, झिंगे नकोत, मासा खवल्यांचाच पाहिजे. ज्यांना भांड्यांची अडचण होती त्यांनी केळी आणि कागदी कपातला चहा घ्यायचा, असं आपसात ठरलं. तसंच झालं, कोणी कोणाला आग्रह केला नाही.

जर्मनीत फिलिपिनो जेवण कुठून आलं? एक तर बंदर. जगातल्या मालवाहू जहाजांवर फिलिपिनो खलाशी भरपूर. हॅम्बुर्ग बंदरात १९८६ पासून ‘डुकडाल्बेन’ नावाचा खलाशांचा क्लब आहे, तिथे जहाजावरून उतरलेली ही पोरं घरी फोन करायला येतात. दुसरं म्हणजे नर्सेस. १९६०-७० च्या दशकांत केरळच्या मुली जर्मन इस्पितळांत आल्या तशाच फिलिपिन्सच्याही आल्या, आणि २०१३ पासून सरकारी कराराने आणखी येतात. जिथे खलाशी आणि नर्स, तिथे भाताचा टोप चढणारच.

अशा खानावळीला ते लोक ‘तुरो-तुरो’ म्हणतात. तुरो म्हणजे बोट दाखवणे. काचेमागे भांडी मांडलेली, तुम्ही बोट दाखवायचं, बाई वाढते. जर्मन न येणाऱ्या म्हाताऱ्यांना याहून सोपं हॉटेल सापडणार नाही. एका भांड्यात काळंकुट्ट काहीतरी होतं. ते दिनुगुआन, डुकराच्या रक्तात शिजवलेलं. तिकडे मुलांना ते ‘चॉकलेट मटण’ म्हणून खाऊ घालतात. चॉकलेट ऐकताच आमच्या धाकट्याचं बोट पुढे झालं, ते आजीने वरच्यावर धरलं.

आमच्यासाठी वेगळं शिजवलेलं आलं. पहिलं सिनिगांग : चिंचेचं आंबट पाणी, त्यात मुळा, वांगी, चवळीच्या लांब शेंगा आणि मासा. हा रस्सा पुष्कळदा तांदळाच्या धुवणात करतात. मासा तिलापिया, म्हणजे आपल्या किनेरेतला अमनूनच. मग आलं लाइंग. बाईने झाकण काढलं आणि आमच्यातल्या रेवदंड्याच्या मावशी म्हणाल्या, “अगो, हा तर आपला अळू!” खरंच अळूची पानं, पण वाळवलेली, नारळाच्या दाट रसात मिरची घालून आटवलेली. यात सुके झिंगे किंवा डुकराचं मांस घालतात, आमच्यासाठी ते वगळलं होतं. मावशींनी खुणेनेच घसा खाजवून विचारलं, खाजत नाही का? बाई हसली. पानं शिजेपर्यंत ढवळायचं नाही, म्हणजे खाजत नाही, असा तिकडचा नियम. आपण चिंच घालतो, ते हात आवरतात!

बाजूला कच्च्या पपईचं लोणचं होतं. त्याचं नाव आचारा. आणखी ऐका मुलांनो, त्यांच्या तागालोग भाषेत चेहऱ्याला ‘मुखा’ म्हणतात आणि शिक्षकाला ‘गुरो’. बाई आमच्यातल्या आज्यांना ‘लोला’ म्हणत होती, म्हणजे आजी. तो शब्द मात्र आम्हाला नवीन नव्हता.

गोडाला हालो-हालो, म्हणजे ‘कालवा-कालवा’. किसलेला बर्फ, दूध, गोड घेवड्याचे दाणे, जेली आणि वर जांभळा गोळा. जेली कशाची, हे आम्ही आधी विचारलं. ती समुद्री शेवाळाची निघाली. जांभळा गोळा ‘उबे’चा, आणि उबे म्हणजे आपलं कोनफळ. अलिबागकडे ते उकडून खाल्लेल्या लोकांनी जर्मनीत बर्फाबरोबर खाल्लं. पालिताव आम्हाला जास्त आवडलं. तांदळाच्या पिठाच्या चपट्या वड्या उकळत्या पाण्यात सोडायच्या, तरंगल्या की काढायच्या आणि खोबरं-साखरेत घोळवायच्या. आपल्या आयांनी नक्कीच वेलची घातली असती. माणशी बिल अकरा युरो.

जेवून बंदरावर गेलो. इथूनच १३ मे १९३९ रोजी ‘सेंट लुई’ जहाज नऊशेहून अधिक यहुदी घेऊन निघालं. क्युबाने जवळजवळ कोणालाच उतरू दिलं नाही, अमेरिकेने तर कोणालाच नाही, जहाज युरोपला परत आलं. त्याच वर्षांत मनिला मात्र उघडी होती. राष्ट्राध्यक्ष मान्युएल केसोन यांनी जर्मनी-ऑस्ट्रियातले सुमारे बाराशे यहुदी आपल्या देशात घेतले, मारिकिना इथली स्वतःची जमीनही त्यांच्या घरासाठी दिली. रिशोन लेत्सियोनला २००९ पासून उघड्या दारांचं स्मारक उभं आहे ते याचंच. आणि २९ नोव्हेंबर १९४७ ला राष्ट्रसंघात फाळणीच्या ठरावाच्या बाजूने मत देणारा आशियातला देश एकच, फिलिपिन्स. आपल्या भारताने विरुद्ध मत दिलं होतं, तेही लक्षात असावं.

आपल्यापैकी कितीतरी घरांत आज म्हाताऱ्यांची आंघोळ, औषध, काठी सांभाळायला फिलिपिनो मुलगी आहे. हिब्रूत ‘फिलिपिनित’ म्हटलं की माणूस देश नव्हे, कामच समजतो. ती आपल्या स्वयंपाकघरात आपली चपाती शिकते. तिचं स्वतःचं जेवण तेल अवीवच्या मध्यवर्ती बस स्थानकात, सुट्टीच्या शनिवारी, आणि तेव्हा आपला शब्बाथ. म्हणून ताटं कधी एका टेबलावर येत नाहीत.

परत आल्यावर रेवदंड्याच्या मावशींनी त्यांच्या मुलीला लाइंग करायला सांगितलं, झिंग्याशिवाय. ती आधी गप्प झाली, मग तिने फोनवरून आपल्या आईला विचारलं. अळू रामलेच्या बाजारातून आणला, नारळ मावशींनी स्वतः खवला. मावशी म्हणतात, तिखट जरा जास्त होतं. आता दर मंगळवारी तीच रांधते.