एच.आय.व्ही.सह जगताना : तोल जाण्याची कारणे व घ्यावयाची काळजी

धसई परिसरात भातखाचरांच्या अरुंद बांधांवरून रोजची ये-जा असते. पावसाळ्यात निसरड्या बांधावर तोल सांभाळणे निरोगी माणसासही अवघड जाते. मात्र एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या व्यक्तीचा तोल जाऊ लागला, की ‘दारू प्यायला असेल’ किंवा ‘आजारच तसा’ असे म्हणून विषय सोडून दिला जातो. हे योग्य नव्हे. कारण तोल जाण्यामागे बहुधा शोधून काढता येण्याजोगे कारण असते आणि त्यांपैकी काही कारणांवर उपचारही आहेत.

शरीराचा तोल डोळे, आंतरकर्ण व तळपायांतून मेंदूकडे जाणारी संवेदना या तीन आधारांवर राहतो. लहान मेंदू त्यांचा मेळ घालतो. एच.आय.व्ही.मध्ये पायांच्या मज्जातंतूंची हानी वारंवार आढळते. पायांना मुंग्या येणे, जळजळ होणे, चप्पल निसटली तरी न कळणे, तोंड धुताना डोळे मिटताच झोक जाणे ही तिची लक्षणे होत.

ही हानी स्वतः विषाणूमुळे, तसेच मद्यपान, मधुमेह किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेमुळे होते. क्षयरोगावरील आयसोनियाझिड घेताना ब-६ जीवनसत्त्व कमी पडल्यासही ती उद्भवते. शासनाने २००४ साली मोफत एआरटी सुरू केली, तेव्हा वापरात असलेल्या स्टॅव्ह्यूडिन या औषधाने अनेकांच्या पायांत बधिरता आली. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने थांबविण्याची शिफारस केली. जुन्या रुग्णांत त्याचा परिणाम अद्याप राहिलेला असू शकतो. पूर्वी घेतलेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी आंतरकर्णास इजा झालेली असू शकते. म्हणून जुनी औषधपत्रके डॉक्टरांना अवश्य दाखवावीत.

काही तासांत वा दिवसांत तोल बिघडला आणि सोबत ताप, तीव्र डोकेदुखी, उलट्या, दुहेरी दिसणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मेंदूतील क्षयरोग अथवा अन्य संसर्ग त्यामागे असू शकतो. चक्कर येते म्हणून एआरटीच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कदापि बंद करू नयेत.

घरी पुढील काळजी घ्यावी. रात्री बाहेर जाताना बॅटरी व काठी जवळ असावी. अनवाणी चालू नये. रोज सायंकाळी तळपाय तपासावेत. बधिर पाय शेकोटीजवळ नेऊ नयेत, भाजलेले कळत नाही. विहिरीच्या काठावर एकट्याने पाणी ओढू नये. अंथरुणातून उठताना क्षणभर बसून मग उभे राहावे. भिंतीला हात टेकवून, पाय जुळवून दहा अंक मोजेपर्यंत उभे राहण्याचा सराव दिवसातून दोनदा करावा. त्या वेळी घरचे कोणी जवळ असावे.

कुटुंबीयांस एवढेच सांगणे, की हात धरून आधार दिल्याने एच.आय.व्ही.ची लागण होत नाही. बांध ओलांडताना पुढे केलेला हात हाही उपचाराचाच भाग आहे.