सहरीच्या वेळी किल्लारी

सातिवलीतल्या गाळ्यांची घरघर सहरीच्या सुमारास जरा थांबते. घड्याळात चार वाजायला आले की मला किल्लारी आठवते.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले. दमून झोपलेल्या माणसांवर दगडमातीच्या जाड भिंती आणि जड धाबी कोसळली. लातूर-उस्मानाबादेत हजारो गेले.

मी तेव्हा शाळेत होतो. मोहल्ल्यात मदत गोळा होत होती. अम्मीने नव्या चादरी दिल्या, मी उसवलेला सदरा टाकला. तिने तो गाठोड्यातून काढून मलाच घालायला लावला. बोलली काही नाही.

धान्य, कपडे पहिल्या आठवड्यातच पोहोचतात. पुढचे कोण बघणार? शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने तिथली सुमारे १२०० मुले पुण्याला आणून शिकवली. त्याला काही वर्षे लागली, ट्रक लागले नाहीत.

फित्रा ईदच्या नमाजाआधी द्यायचा, तो देऊच. जकातीचे अडीच टक्के मात्र एखाद्या मुलाची तीन वर्षांची फी होऊ शकतात. माझ्या वर्गात अशी दोन मुले आहेत. ईदच्या आत त्यांच्या घरी जाऊन यायचे आहे.