वीस हजार कोटींचे दोन तुकडे

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी गावात आले होते. क्रमांक बारा अंकी, आणि पहिला अंक कधीच ० किंवा १ नसतो. म्हणजे कुठलाही आधार क्रमांक घेतला तरी तो वीस हजार कोटींच्या खाली जात नाही.

असा क्रमांक पडद्यावर छापायचा झाला, तर सी भाषा नुकती शिकलेला मुलगाही प्रिंटएफ लिहून मोकळा होतो. मला मात्र या प्रिंटएफचं नवल अजून सरलेलं नाही. इतर फंक्शनं आर्ग्युमेंटं मोजून घेतात. याला एक द्या, दहा द्या, तक्रार नाही. बरं, किती दिली हे त्याला कोणी सांगतं का? कोणीच नाही.

१९८९च्या प्रमाण सी भाषेत अशी न मोजलेली आर्ग्युमेंटं वाचण्याच्या कामासाठी तयार सोय आहे: व्हीए-स्टार्ट, व्हीए-आर्ग, व्हीए-एंड. ती बाजूला ठेवून हेच काम हाताने करून पाहावं, म्हणजे आतली रचना दिसते. त्यासाठी जुनं ३२ बिटी इंटेल यंत्र घेऊ. तिथे फंक्शनला हाक मारणारा आपली आर्ग्युमेंटं स्टॅकवर ठेवतो, आणि तीही उलटी: शेवटचं आधी, पहिलं सर्वांत शेवटी. स्टॅक खालच्या पत्त्यांकडे वाढतो, त्यामुळे पहिलं आर्ग्युमेंट सर्वांत खालच्या पत्त्यावर येतं आणि बाकीची त्याच्या वर ओळीने बसतात. प्रत्येक खण चार बाइटचा. आता करायचं एवढंच: पहिल्या आर्ग्युमेंटचा पत्ता पॉइंटरमध्ये घ्यायचा, चार बाइट पुढे सरकायचं, वाचायचं, पुन्हा सरकायचं. सगळी जादू ही एवढीच, चार ओळींत मावणारी!

पण तो उलटा क्रम पाहा. आर्ग्युमेंटं सुलट क्रमाने ठेवली असती, तर पहिलं कुठल्या तरी खोलीवर गाडलं गेलं असतं, आणि ती खोली एकूण संख्येवर ठरली असती. नेमकी तीच तर ठाऊक नाही. उलटं ठेवल्याने पहिलं आर्ग्युमेंट नेहमी ठरल्या जागी सापडतं. आवरण्याचंही तसंच. किती खण मांडले हे मांडणाऱ्यालाच माहीत, म्हणून काम झाल्यावर स्टॅक रिकामा करायचा तोही त्यानेच. मला हा करार फार देखणा वाटतो.

पहिलं आर्ग्युमेंट म्हणजे छापायचा मजकूर. पुढच्या खणांत काय आहे, हे फंक्शनला कळण्याचा एकमेव मार्ग तोच. मजकुरात ‘टक्का-डी’ दिसलं की एक पूर्णांक उचलायचा. खणांवर चिठ्ठ्या नसतात. मजकूर सांगेल ते खरं.

आता मजकुरात लिहू ‘क्रमांक टक्का-डी, वय टक्का-डी’, आणि त्यामागे देऊ ० किंवा १ने सुरू न होणारी सर्वांत लहान बारा अंकी संख्या २०००००००००००, व वय ३०. या यंत्रावर साधा पूर्णांक चार बाइटचा, त्याची धाव २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पर्यंत. आपली संख्या आठ बाइटची, म्हणून तिने दोन खण व्यापले. पहिला टक्का-डी खालचाच खण उचलतो आणि छापतो उणे १८६३४६२९१२. दुसरा पुढे सरकतो, पण तिथे वय नाही, संख्येचा उरलेला वरचा अर्धा भाग आहे. छापून येतं: वय ४६. खरे ३० तिसऱ्या खणात तसेच पडून राहतात, त्यांच्यापर्यंत कोणी पोचतच नाही.

हे ४६ कुठून आले ते ताडून पाहता येतं. २०००००००००००ला ४२९४९६७२९६ने, म्हणजे दोनाच्या ३२व्या घाताने, भागा: भागाकार ४६. माणसाचं वय म्हणून सहज खपून जाईल असा आकडा, आणि तो निघाला क्रमांकाच्याच पोटातून! आजचे कंपायलर मजकूर आधीच वाचून इशारा देतात खरे, पण चालत्या फंक्शनला काहीच पत्ता नसतो.

६४ बिटी लिनक्सवर चार ओळींची युक्ती चालत नाही. तिथे पहिले सहा पूर्णांक किंवा पत्ते रजिस्टरांतून येतात, दशांश संख्या वेगळ्या रजिस्टरांतून. मग फंक्शन आत शिरताच ती रजिस्टरं १७६ बाइटच्या जागेत उतरवून घेतं, आणि कुठवर वाचून झालं याच्या खुणा २४ बाइटच्या छोट्या वहीत ठेवतं. या यंत्रावर आपला तोच चुकीचा मजकूर चालवला, तर क्रमांक पुन्हा उणे १८६३४६२९१२ येतो. पण आठही बाइट एकाच रजिस्टरात मावलेले असल्याने पुढचं आर्ग्युमेंट सरकत नाही, आणि वय ३० छापून येतं.

क्रमांकही बरोबर हवा असेल, तर टक्का आणि डी यांच्यामध्ये दोन एल लिहायचे.