पाच तुकड्यांचा चाकू

खिशात बाळगायला घडीचा चाकू घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण जाड पातं, जड मूठ आणि दणदणीत आवाज करत बसणारं कुलूप शोधतात. हाताला वजन लागलं की वस्तू जन्मभर टिकेल असा भरवसा वाटतो. माझ्या मते हा भरवसा खोटा आहे. रोज वापरायच्या चाकूचं आयुष्य पात्याच्या जाडीवर ठरत नाही. त्यात झिजणारे भाग किती, झिजल्यावर ते कुणाला दुरुस्त करता येतात आणि धार गेल्यावर मालक ती घरच्या घरी परत आणू शकतो का, यावर ते ठरतं. फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतातला ओपिनेल चाकू या कसोटीवर पारखून बघावा. लाकडी मुठीचा, पातळ पात्याचा, दिसायला अगदी साधा असा हा चाकू १८९० पासून बनतो आहे, आणि त्याचा आराखडा सव्वाशे वर्षांत जवळजवळ जसाच्या तसा राहिला आहे.

सॅव्हॉय म्हणजे आल्प्स पर्वतातला मुलूख. १८६० पर्यंत तो सार्डिनियाच्या राज्यात होता, मग फ्रान्सकडे आला. तिथल्या मोरिएन खोऱ्यातल्या अल्बिये गावाजवळ ओपिनेल घराण्याची लोहारकी होती. कुऱ्हाडी, कोयते, फांद्या छाटायची हत्यारं अशी शेतकऱ्याच्या गरजेची अवजारं ते घडवत. या घरातल्या जोसेफनं वयाच्या अठराव्या वर्षी खिशात मावेल असा चाकू तयार केला. गुराख्यानं पाव-चीज कापावं, शेतकऱ्यानं द्राक्षवेलीची काडी छाटावी, सुतळी तोडावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. १८९७ मध्ये १ ते १२ अशा क्रमांकांनी बारा आकार ठरले. त्यातला १ क्रमांक फारच चिमुकला आणि ११ क्रमांक शेजारच्या दोन आकारांहून फारसा वेगळा नव्हता, म्हणून हे दोन्ही पुढे १९३० च्या दशकात बंद झाले. जोसेफला यंत्रांचीही चांगली जाण होती. लाकडी मुठी झपाट्यानं तयार करणारं यंत्र त्यानं स्वतःच बनवलं. शांबेरीच्या रेल्वे स्थानकाजवळ त्यानं दुकान मांडलं, तेव्हा पॅरिस-ल्यों-भूमध्य रेल्वेच्या कामगारांनी हे चाकू घेतले आणि गावोगाव पोचवले. हा प्रसार ज्यांचं काम चाकूवाचून अडतं अशा माणसांच्या हातून झाला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आता वस्तूच उलगडून बघू. पातं, लाकडी मूठ, मुठीच्या तोंडावर घट्ट बसवलेली धातूची पट्टी, पातं आणि मूठ जोडणारा आरपार रिव्हेट, आणि त्या पट्टीवर फिरणारी एक कडी. एवढे पाच तुकडे झाले की चाकू पुरा झाला. यातली कडी नंतर आली. पहिली ६५ वर्षं हा चाकू चारच तुकड्यांचा होता आणि पातं नुसत्या घर्षणानं जागेवर राहायचं. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी ‘विरोब्लॉक’ नावाची ही फिरती कडी बसवली. तिला एका बाजूला खाच आहे. खाच मुठीच्या चिरेसमोर आणली की पातं उघडता-मिटता येतं. अंगठ्यानं कडी जरा फिरवली की तिचा भरीव भाग पात्याच्या बुडाच्या आड येतो आणि पातं बोटांवर मिटत नाही. २००० मध्ये कडीत सुधारणा झाली आणि मिटलेलं पातंही अडकवता येऊ लागलं, म्हणजे खिशात चाकू आपोआप उघडण्याची भीती संपली. या रचनेत स्प्रिंग नाही, स्क्रू नाही, बारीक गोळी नाही. वापरून वापरून पातं थोडं सैल वाटायला लागलं तर कडी पूर्वीपेक्षा किंचित पुढे फिरवायची. ती पुन्हा घट्ट बसते. झीज होणार हे गृहीत धरून तिच्यासाठी जागा राखून ठेवलेली अशी कुलपं फार थोडी असतील.

याच्या शेजारी अमेरिकेतला बक कंपनीचा ११० हा चाकू ठेवून पाहावा. १९६० च्या दशकात आलेल्या या चाकूनं पाठीत कुलूप असलेल्या घडीच्या चाकूला जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली. तो उत्तम आहे, पण पितळेच्या टोप्यांसकट त्याचं वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास जातं. तो पट्ट्याला अडकवलेल्या म्यानात शोभतो. सदऱ्याच्या किंवा पँटच्या खिशात तो कुणी रोज वागवत नाही. ओपिनेलचा ८ क्रमांक, पातं साडेआठ सेंटिमीटरचं, पन्नास ग्रॅमही भरत नाही. रोज जवळ बाळगायच्या वस्तूचा पहिला गुण ती खरोखर रोज जवळ असणं हाच आहे. घरी फडताळात पडलेला भक्कम चाकू वाटेत काहीच कापत नाही.

पात्याच्या पातळपणाबद्दल सर्वांत जास्त शंका घेतली जाते, म्हणून तिथं थोडं थांबतो. ८ क्रमांकाच्या पात्याची जाडी पाठीजवळही दोन मिलिमीटरपेक्षा कमी असते आणि धारेकडे ती आणखी निमुळती होत जाते. ‘टॅक्टिकल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चाकूंची पाती तीन-चार मिलिमीटर जाड असतात. अशा पात्यानं सफरचंद कापायला घेतलं तर अर्ध्यावर गेल्यावर ते फळाला पाचरीसारखं फाकवतं आणि फोड कडकन तुटते. पातळ पातं मात्र शेवटपर्यंत चिरत जातं. टोमॅटो, दोरी, पुठ्ठा, कलमाची काडी या सगळ्यांना हाच नियम लागू आहे. शिवाय पातळ पात्याला धार लावताना दगडावर थोडंच पोलाद घासावं लागतं, त्यामुळे वर्षानुवर्षं धार लावूनही ते कापण्याजोगं राहतं. जाड पातं झिजत झिजत आणखी जाड भागावर येतं आणि दर वेळी जास्त बोथट वाटतं. यावर आक्षेप येतो की पातळ पात्यानं डबा उचकटला, लाकूड फोडलं तर ते मोडेल. मोडेलच. पण उचकटायला घडीचा चाकू मुळातच चुकीचं हत्यार आहे. ज्याच्या बरोबर मध्ये सांधा आहे त्या वस्तूवर पहारीचं काम लादलं, तर पातं जाड असलं तरी सांधा किंवा कुलूप आधी जातं.

पोलादाबद्दलही असाच घोळ आहे. ओपिनेल दोन प्रकारांत मिळतो. एक साध्या कार्बन पोलादाचा, ज्यात कार्बन सुमारे ०.९ टक्के असतं. दुसरा स्वीडिश सँडविक १२सी२७ या स्टेनलेस पोलादाचा. दोन्ही फार कडक नाहीत. आज हौशी मंडळी भुकटीपासून बनवलेल्या ‘एस३०व्ही’सारख्या पोलादांचा आग्रह धरतात. त्यात चार टक्के व्हॅनेडियम असतं आणि त्याची धार खरोखरच जास्त दिवस राहते, हे मान्य केलं पाहिजे. परंतु त्यातले व्हॅनेडियम कार्बाइडचे कण नेहमीच्या धार लावायच्या दगडापेक्षा कठीण असतात. धार गेली की हिऱ्याची कणी बसवलेली पट्टी लागते, आणि बराच धीरही लागतो. बहुतेक लोक दोन्ही आणत नाहीत आणि महागडा चाकू बोथट अवस्थेतच वापरत राहतात. साध्या पोलादाची धार लवकर जाते, पण दगडावर पाच मिनिटांत परत येते. सायकलवर चाक फिरवत दारोदार येणारा धारवालाही ती लावून देऊ शकतो. जी धार मालकाला स्वतः परत आणता येते तीच त्याच्या दृष्टीनं टिकाऊ धार, असं मी मानतो.

लाकडावरचा आक्षेप मात्र वजनदार आहे. ओपिनेलची नेहमीची मूठ बीच लाकडाची असते. ओल लागली की ते लाकूड फुगतं, मुठीची चीर आवळते आणि पातं बाहेर येईना असं होतं. सॅव्हॉयच्या लोकांनी यावर तोड काढली आहे. कडी मोकळी करून चाकू हातात पकडायचा आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर किंवा दगडावर ठोकायचं. पातं थोडं वर उसळतं, मग नखानं धरून ओढता येतं. मूठ नवी असतानाच पूर्ण सुकवून जवसाचं तेल मुरवलं तर हा त्रास बराच कमी होतो. तरी कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर लाकूड फुगणारच आणि कार्बन पोलादावर कापलेल्या लिंबाचे डाग रात्रीत उठणारच. चाकू पुसून कोरडा ठेवण्याची सवय नसेल तर त्या हवेत कार्बनचं पातं घेऊ नये. दुसरा दोष म्हणजे सांध्याला रिव्हेट आहे, स्क्रू नाही. त्यामुळे चाकू पूर्ण खोलून साफ करता येत नाही, पातं बदलताही येत नाही. माझ्याच कसोटीनं हा उणेपणा ठरतो. त्याची भरपाई किंमत करते. फ्रान्समध्ये हा चाकू दहा-पंधरा युरोंच्या घरात मिळतो, आणि त्या किमतीत कडी काढून मूठ-चीर स्वच्छ करता येणं मला पुरेसं वाटतं. एका हातानं उघडत नाही, ही तक्रार मी फारशी मनावर घेत नाही. शिडीवर किंवा दोरावर काम करणाऱ्याला ती अडचण खरी आहे, त्यानं दुसरा चाकू घ्यावा. भाजी, फळं, पार्सल कापणाऱ्याला दोन हात मोकळे असतातच.

या चाकूची कीर्ती फ्रेंच रुबाबामुळे आहे, असंही कुणी म्हणेल. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयानं १९८५ मध्ये जगातल्या शंभर उत्तम रचनांच्या वस्तूंत त्याला स्थान दिलं, १९८९ मध्ये ‘लारूस’ शब्दकोशात त्याचं नाव गेलं, हे सगळं खरं. परंतु ही दाद मिळाली तेव्हा चाकू नव्वदीच्या पुढे गेला होता. शिवाय जपानमधल्या मिकी गावचा हिगोनोकामी पाहिला तर हाच विचार तिथंही दिसतो: वाकवलेल्या पत्र्याची मूठ, एक पातं, एक रिव्हेट, कुलूप नाहीच. तोही साधारण त्याच काळात जन्मला आणि आजही बनतो. युरोपातल्या लोहारानं आणि जपानी कारागिरानं एकमेकांना न पाहता भाग कमी करत नेले, यात रुबाबाचा प्रश्न येत नाही.

आपल्याकडे घडीचा चाकू म्हटलं की सिनेमातला रामपुरी डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे कायदाही माहीत असावा. शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांवर बंधनं आहेत. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. ८ क्रमांक त्या मापाच्या खूप आत बसतो. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई हुकूम लागू असतो तेव्हा चाकू घेऊन फिरणं गुन्हा ठरू शकतं, आणि विमानात तो हातातल्या पिशवीत चालत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी आणखी जपावं. तिथं सबळ कारणाशिवाय जवळ बाळगायचा चाकू तीन इंचांपर्यंतचा आणि कुलूप नसलेलाच लागतो, म्हणून ८ क्रमांक दोन्ही अटींत नापास होतो. तिथं कडी नसलेले २ ते ५ क्रमांकच चालतील.

बाकीच्यांनी ८ क्रमांक घ्यावा. देशावर, कोरड्या हवेत राहणाऱ्यानं कार्बन पोलादाचा, किनाऱ्यावर राहणाऱ्यानं स्टेनलेसचा. आणि धार लावायचा दगड चाकूबरोबरच विकत घ्यावा.