मालवणच्या प्रवाळातलं कासव

इंदूरच्या पोलोग्राउंडपासून समुद्र दूर असला, तरी तिथल्या मराठी माणसाला मालवण परकं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याची १६६४ची पायाभरणी, महाराजांच्या हातापायांचे ठसे हे सगळं पाठ असतं. त्याच तटाखाली प्रवाळ आहे आणि भोवतालचं २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे मात्र अनेकांच्या गावीही नसतं. तिथे कासव दिसलं की ‘ऑलिव्ह रिडले’ म्हणून मोकळं व्हायचं! वेळास-आंजर्ल्याच्या कासव महोत्सवांनी हे एकच नाव घरोघरी पोचवलं. पण रिडले मादी वाळूवर येते ती अंड्यांपुरती. एरवी तिचा संचार खुल्या समुद्रात. २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह टॅग लावलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. प्रवाळाच्या आसऱ्याने चरणारी कासवं वेगळी. ग्रीन टर्टल शेवाळ आणि समुद्री गवत खातं, हॉक्सबिल खडकांच्या फटींतले स्पंज.

तरीही प्रवाळात दिसलं म्हणून हॉक्सबिल, असं ठरवता येत नाही. रंग तर त्याहून कच्चा पुरावा, कारण ग्रीन टर्टलची पाठही बहुधा तपकिरीच असते. मोजायचे ते पाठीच्या मधल्या ओळीलगतचे खवले. दोन्ही बाजूंना चार-चार असतील तर ग्रीन किंवा हॉक्सबिल. सहा किंवा अधिक, कधी डावीकडे एक जास्त, तर रिडले. मग कपाळ पाहावं. नाकपुड्या आणि डोळ्यांच्या मधे खवल्यांची एकच जोडी असेल तर ग्रीन. दोन जोड्या आणि निमुळती चोच असेल तर हॉक्सबिल. हॉक्सबिलच्या पाठीवरचे खवले कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात खरे, पण वयस्कर कासवात ते सपाट होतात. चोच पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

सगळीच समुद्री कासवं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मग हा जातींचा घोळ कशाला, असं कुणी म्हणेल. कायद्याने शिकार थांबते, पण प्रत्येक जातीची गरज निराळी. रिडलेला काळोखी, निवांत किनारा लागतो. तिथे घरट्याभोवती जाळी लावली की बरंच साधतं. प्रवाळावर नांगर पडत राहिला तर त्या जाळीचा हॉक्सबिलला काडीचा उपयोग नाही. घरटी मोजून आपण समाधान मानतो, हीच खरी उणीव आहे. पाण्यात खवले मोजणं पर्यटकाला जमेल का? पाठलाग करून मुळीच नाही. दुरून पाठीचा आणि डोक्याचा फोटो घ्यावा, तो वन विभागाकडे द्यावा आणि प्रवाळावर पाय टेकू नये.